देवळाली कॅम्पातलं मेडल लावून देणारं दुकान : आमच्या मेजरची दहा मेडल्स इथून नीट करून घेतली

ज्यांच्या घरात बापाची, काकाची, नवऱ्याची फौजेतली मेडल्स कपाटात डब्यात पडून आहेत त्यांनी हे जरूर वाचा, त्यांच्यासाठीच लिहितोय. दुकान नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पाच्या बाजारात आहे, बाहेरून बघितलं तर साधं मिलिटरी टेलरचं वाटतं, काचेत टोप्या, बेल्ट, नेमप्लेटा, रँकच्या फिती असं सगळं मांडलेलं. पण आत मागच्या बाजूला एक मास्तर बसतात त्यांचं काम फक्त मेडल्सचं. रिबन बदलणं, क्रमाने लावणं, कोर्ट माउंट करणं (कडक पट्टीवर शिवून बसवणं), फ्रेम, रिबन बार (मेडलशिवाय नुसत्या रिबनच्या तुकड्यांची पट्टी), डुप्लिकेट सेट. कामाला माझ्याकडून पाचपैकी पाच. वेळेला तीन, ते का ते खाली सांगतो.

आम्ही कुणाची मेडल्स घेऊन गेलो ते सांगितल्याशिवाय हा रिव्ह्यू अर्धा राहील म्हणून आधी ते लिहितो.

माझा पहिलीपासूनचा दोस्त. सिन्नर तालुक्यातलं आमचं गाव, एकाच गल्लीत घरं, एकाच बाकावर बसलो. गावात नंतर त्याला सगळे मेजर म्हणायला लागले, हवालदार म्हणून रिटायर झाला तरी मेजरच, आमच्याकडे फौजेतून आला की तो मेजर असतो त्याला इलाज नाही. मीपण इथे मेजरच लिहितो. दहावीनंतर आम्ही दोघं भरतीची तयारी करायला लागलो, पहाटे अंधारात शिर्डी रोडला पळायचं, सोळाशे मीटर, त्याच्या थोरल्या भावाचं घड्याळ घेऊन एकजण पळणार दुसरा टाइम बघणार. पुलअप्सला म्हणजे बीमला आमच्याकडे लिंबाची फांदी होती. १९९५ ला दोघं भरतीला गेलो, पळण्यात दोघंही बसलो, पण छातीला मी राहिलो. ७७ सेंटिमीटर लागते आणि फुगवून ५ सेंटिमीटर वाढायला पाहिजे, माझी काही केल्या तेवढी फुगेना. त्याची झाली. तो नाशिक रोड कॅम्पला तोपखान्याच्या सेंटरला ट्रेनिंगला गेला आणि मी आयटीआयला. पहिल्या सुट्टीला आला तेव्हा ओळखू येईना, मान ताठ, केस बारीक, आणि दर दोन वाक्यांनी हिंदी. त्याच्या आईने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि म्हणली, आता घरात तरी मराठी बोल रे बाबा.

१९९९ ला तो द्रासला होता. बोफोर्सवर. गनर, म्हणजे तोपखान्यातला सगळ्यात खालचा रँक, नोकरीला उणीपुरी चार वर्षं. ज्यांना कारगिल म्हणजे फक्त डोंगर चढणारे जवान आठवतात त्यांच्यासाठी सांगतो की पायदळाने जे केलं त्याला तोड नाही, पण ते वर चढत असताना शत्रूचं डोकं खाली दाबून ठेवायचं काम तोपखान्याचं होतं. त्या लढाईत आपल्या तोपखान्याने अडीच लाखांच्या आसपास गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं टाकली. श्रीनगर-लेह रस्ता तोलोलिंगच्या डोंगरावरून शत्रूला सरळ दिसत होता आणि आपल्या तोफा त्याच रस्त्याच्या कडेला उभ्या, लपायला जागा नाही, १० हजार फुटांच्या वर उंची, दोन पावलं पळालं की दम लागतो, आणि बोफोर्सचा एक गोळा चाळीस किलोच्या वर. तो हातांनी उचलून आणायचा. पंधरा सेकंदांच्या आत तीन गोळे ती तोफ टाकते, म्हणजे माणसांनी किती चपळ असलं पाहिजे बघा. १३ जूनला तोलोलिंग घेतलं, ४ जुलैला टायगर हिल. टायगर हिलला तर बोफोर्स डायरेक्ट फायरला वापरल्या, म्हणजे समोर दिसणाऱ्या टार्गेटवर नेम धरून, जे एवढ्या मोठ्या तोफेने सहसा करत नाहीत. हे सगळं मी पुस्तकात नंतर वाचलं, पण आधी त्याच्याकडून ऐकलं, पारावर बसून, मोठ्या आवाजात, कारण डाव्या कानाने त्याला तेव्हापासून जवळजवळ ऐकू येत नव्हतं.

बोलायचा खूप. गप्प राहणारा फौजी नव्हता तो. थंडीत दाढीचं पाणी कसं गोठायचं, टिनमधल्या भाजीची चव कशी होती, कानात कापूस कोंबून पण रात्री आवाज कसा डोक्यात घुमत राहायचा, सगळं सांगायचा, आणि "आमची तोफ" असं म्हणायचा, जसं आपण आमचा बैल म्हणतो तसं. पण सेना मेडल, म्हणजे त्याचं शौर्याचं मेडल, ज्या दिवसासाठी मिळालं त्या दिवसाचं विचारलं की "पोझिशनवर शेलिंग झालं, थोडं लागलं" एवढंच. पूर्ण मला त्याचं सायटेशन, म्हणजे मेडल कशासाठी दिलं ते लिहिलेला कागद, वाचून कळलं, आणि ते मी वाचलं तो गेल्यावर. शत्रूचे गोळे गन पोझिशनवर पडत होते, ह्याला खांद्यात स्प्लिंटर, म्हणजे फुटलेल्या गोळ्याचा तुकडा, घुसलेलं, वरच्या जाळीने पेट घेतला आणि बाजूला बारुदाचे चार्ज रचलेले. ह्याने दोघांना बरोबर घेऊन ते चार्ज ओढून लांब नेले, आणि मग दवाखान्यात जायच्या ऐवजी परत तोफेवर. फायर मिशन संपल्यावर खाली बसला. तेवीस वर्षांचं वय.

२०२२ ला ३० जुलैला द्रासच्या पॉइंट ५१४० ह्या शिखराला गन हिल नाव दिलं, तोपखान्याच्या मानासाठी. त्या दिवशी तो एवढा खूश होता की गावात पेढे वाटले, लोकांना कळेना मुलगा झाला की काय. आणि २८ सप्टेंबरला गनर्स डे, दरवर्षी न चुकता पोरांना जिलेबी. १८२७ ला त्या तारखेला बॉम्बे आर्टिलरीची जी बॅटरी, म्हणजे तोफांची तुकडी, उभी राहिली तिच्यापासून आपला तोपखाना हा दिवस मानतो, आणि ती बॅटरी मुंबईची म्हणून त्याला फार अभिमान, जणू काही सिन्नरचीच. रिटायर झाल्यावर २०१९ पासून तो गावातल्या आणि आजूबाजूच्या पोरांना भरतीसाठी पळवायचा, फुकट. पहाटे पाचला शिट्टी. किती पोरं लागली हे मी आकडा सांगत नाही पण आमच्या शिवारातल्या बऱ्याच घरांत आज जो पगार येतो तो त्या शिट्टीमुळे.

२०२३ च्या दिवाळीनंतर तो गेला. हार्ट अटॅक. सकाळी पोरांना पळवून आला, चहा मागितला आणि तेवढंच.

आता मेडल्सचं. त्याच्या हयातीतच वहिनींनी हौसेने मेडल्सची फ्रेम करून घेतली होती, एका फोटो फ्रेमवाल्याकडून, नाव घेत नाही, त्याचंही ते रोजचं काम नाही. लाल मखमलीवर सगळी मेडल्स ग्लू गनने चिकटवलेली. क्रम कसा तर जे दिसायला मोठं आणि चमकदार ते मध्ये, म्हणजे ऑपरेशन विजय स्टार मध्यभागी आणि सेना मेडल खाली कोपऱ्यात. शौर्याचं मेडल कोपऱ्यात! आणि एका मेडलची रिबन हरवलेली म्हणून तिथे तिरंगी फीत लावलेली. मेजरला ते आवडलं नव्हतं पण वहिनींचं मन राखायला काही बोलला नाही, भिंतीवर लावून टाकली. तो गेल्यावर शाळेने विचारलं की २६ जुलैला कारगिल विजय दिवसाला मेजरची मेडल्स शाळेत ठेवता येतील का, तेव्हा आमच्या दहावीच्या बॅचने ठरवलं की हे काम आता नीट करायचं, खर्च बॅच करेल. त्याच्याच रेजिमेंटच्या एका सुभेदार साहेबांनी हे दुकान सांगितलं.

मी, वहिनी आणि त्याची मुलगी असे तिघं गेलो. काउंटरवरच्या काकांनी फ्रेम बघितली, काही बोलले नाहीत, आत मास्तरांना हाक मारली. मास्तर सत्तरीचे असतील, चष्मा कपाळावर. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो "डिस्चार्ज बुक आणलंय का?" मला हेच सगळ्यात आवडलं. किती साइज, काच कुठली, बजेट काय, हे नंतर. आधी कागद. डिस्चार्ज बुकात माणसाला मिळालेल्या मेडल्सची नोंद असते, त्यावरून ते यादी करतात आणि मग समोरचं सामान त्या यादीशी ताडून बघतात. वहिनींनी सायटेशनची कॉपी पण दिली. ते मास्तरांनी उभं राहून वाचलं, मग बसले. शौर्य मेडलची डुप्लिकेट पाहिजे असेल तर कागद दाखवल्याशिवाय करतच नाहीत, आधार कार्ड आणि नातं पण विचारतात. काही लोकांना हा त्रास वाटेल, मला बरं वाटलं, कुणीही यावं आणि मेडल लावून जावं असं होता कामा नये.

यादीत निघाली दहा. फ्रेममध्ये होती दहाच पण आम्ही इतके दिवस एक गोष्ट चुकीची समजत होतो ती मास्तरांनी दाखवली. पराक्रम पदक आणि ऑपरेशन पराक्रम मेडल ही दोन वेगळी आहेत. पराक्रम पदक हे युद्धात जखमी झालेल्याला मिळतं, इंग्रजीत ज्याला वूंड मेडल म्हणतात. आणि ऑपरेशन पराक्रम मेडल हे २००१-०२ ला संसदेवरच्या हल्ल्यानंतर फौज बॉर्डरवर गेली होती त्याचं. फ्रेमवाल्याने दोन्हीला एकच चिठ्ठी लावलेली आणि ज्याला तिरंगी फीत होती ते नेमकं पराक्रम पदक, म्हणजे त्याच्या खांद्यातल्या स्प्लिंटरचं मेडल. मास्तरांनी ड्रॉवर उघडला, आत रिबनचे रोलच रोल, प्रत्येकाला कागदाची पट्टी, त्यातून बरोबर रिबन काढून बाजूला ठेवली. पोरगी म्हणली, मला वाटलं होतं बाबांना दोनदा तेच मिळालं.

क्रम असा लागतो, ज्यांना गरज असेल त्यांनी लिहून घ्या. घालणाऱ्याच्या छातीच्या मध्याकडे सगळ्यात वरच्या मानाचं, म्हणजे बघणाऱ्याच्या डाव्या हाताला पहिलं. मेजरचं असं झालं : सेना मेडल, पराक्रम पदक, ऑपरेशन विजय स्टार, ऑपरेशन विजय मेडल, ऑपरेशन पराक्रम मेडल, सैन्य सेवा मेडल, हाय अल्टिट्यूडचं मेडल, स्वातंत्र्याच्या पन्नास वर्षांचं १९९७ चं मेडल, मग २० वर्षं सेवेचं आणि शेवटी ९ वर्षं सेवेचं. वीर चक्र वगैरे असेल तर ते अर्थातच सेना मेडलच्या आधी. ज्यांच्याकडे १९६५ आणि १९७१ दोन्हीची आहेत त्यांच्यासाठी, १९७१ चा पूर्वी किंवा पश्चिमी स्टार आधी, मग १९६५ चं रक्षा मेडल, मग १९७१ चं संग्राम मेडल. हे मास्तर तोंडपाठ सांगतात पण तरी भिंतीवर टांगलेल्या तक्त्यावर बोट ठेवून खात्री करतात.

गोंद काढायचं काम त्यांनी आमच्यासमोर केलं एका मेडलचं, बाकीची ठेवून घेतली. मला भीती होती की चाकूने खरवडतील. तसं काही नाही. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून गोंदाच्या कडेने फिरवला, थोडं थांबले, आणि तो गोंदाचा थर अख्खा सालीसारखा सुटून आला, धातूला ओरखडा नाही. मग मेडल पालथं करून कडेवर भिंग धरलं आणि पोरीला बोलावलं. कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, रँक आणि नाव ठोकलेलं. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. चोवीस वर्षं घरात असलेली वस्तू आणि तिच्या कडेवर बापाचं नाव आहे हे पोरीने त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. एकेक करून सगळ्यांच्या कडा बघितल्या. सेना मेडलवर रँक गनर. नऊ वर्षांच्यावर नाईक. वीस वर्षांच्यावर हवालदार. नंबर सगळीकडे तोच, रँक बदलत गेलेला. वहिनी म्हणल्या, नाईक झाला तेव्हा आमचं लग्न झालं. मास्तरांनी प्रत्येक कडेचा मोबाइलवर फोटो काढून वहिनींना पाठवला कारण एकदा शिवून टाकलं की ते नीट दिसत नाही. ह्याचे वेगळे पैसे नाहीत.

पॉलिशचं त्यांचं मत पक्कं आहे. मेडलला ब्रासो लावू देत नाहीत. फौजी माणसाला बक्कल आणि बटणं चमकवायची सवय असते म्हणून घरोघरी मेडल्स पण घासलेली असतात, आणि घासून घासून कडेवरचं नाव पुसट होतं, चित्राची धार जाते. ते फक्त कोमट पाण्यात साधा साबण, मऊ ब्रश, आणि सुती कपड्याने कोरडं. मेडल जुनं दिसलं तर दिसू दे म्हणतात.

सेना मेडलच्या बाबतीत एक वेगळी गोष्ट होती. चांदीचं गोल मेडल, एका बाजूला वर टोक केलेलं संगीन, दुसऱ्या बाजूला उभा जवान. त्या संगिनीच्या आजूबाजूला लालसर काहीतरी भरलेलं. मास्तरांनी भिंगातून बघितलं आणि विचारलं, गंज नाही हा, काय आहे? वहिनींनी सांगितलं की ते कुंकू आहे. मेजरची आई दर खंडेनवमीला घरातली कोयता, विळा, नांगराचा फाळ पूजेला मांडायची त्यात हे मेडल पण मांडायची, हळद-कुंकू, झेंडूचं फूल. फ्रेम झाल्यावर पण काचेला कुंकू लावायची. बाकीच्या नऊ मेडल्सना नाही, फक्त ह्याला, कारण तिच्या हिशोबाने ह्यानेच तिचा पोरगा परत आणला. मास्तर म्हणाले काढायचं तर निघेल, सांगा. वहिनींनी तिथूनच म्हातारीला फोन लावला. मेजरच्या आईला पण कमी ऐकू येतं, दुकानात सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलणं चाललं. ती म्हणली, "राहू द्या, म्या लावलंय." मास्तरांनी वरवरचं सुटं तेवढं कोरड्या ब्रशने झाडलं आणि खाचांतलं तसंच ठेवलं. बिलावर पण लिहिलं, "सेना मेडल - कुंकू काढायचं नाही", म्हणजे दुसऱ्या कारागिराच्या हाताला गेलं तरी चूक होऊ नये. अशी काळजी मी दुसऱ्या कुठल्याच दुकानात बघितलेली नाही आणि मुख्य म्हणजे ती त्यांनी बोलून दाखवली नाही, लिहून ठेवली.

आता प्रत्यक्ष काय काय करून घेतलं. एक, ओरिजिनल मेडल्सचं कोर्ट माउंट. म्हणजे मेडल्स सुटी लोंबकळत नाहीत, कडक पट्टीवर रिबन खाली-वर गुंडाळून त्यावर मेडल शिवून बसवतात, त्यामुळे चालताना एकमेकांवर आपटत नाहीत आणि ओरखडे पडत नाहीत. दहा मेडल्स शेजारी शेजारी मावत नाहीत म्हणून एकावर एक थोडी चढवलेली, पहिलं सेना मेडल पूर्ण दिसेल अशी. शिवण बघण्यासारखी आहे, मागच्या बाजूला पण धागा कुठे लोंबत नाही, पिन मजबूत. सेना मेडलची रिबन लाल आणि मधोमध पांढरी रेघ, ती रेघ सगळीकडे बरोबर मध्यावर आलीये, एक धागा इकडे-तिकडे नाही. हा सेट एका मखमली डब्यात घरी राहिला, वहिनींकडे. दोन, शाळेसाठी डुप्लिकेटची फ्रेम, त्यात मेडल्स सुटी सुटी मांडलेली, प्रत्येकाखाली मराठीत छोटं कार्ड. ओरिजिनल शाळेत ठेवू नका हा मास्तरांचाच सल्ला, भिंतीवरून पडलं, चोरी झाली तर परत मिळणं सोपं नसतं, आणि डुप्लिकेटच्या मागे ते स्वतःच प्रतिकृती असा शिक्का मारतात. तीन, एक रिबन बार, फोटोशेजारी लावायला.

पैसे. तिन्ही मिळून सात हजारांच्या आत झालं, त्यात मोठा भाग फ्रेम आणि डुप्लिकेट मेडल्सचा. नुसतं तुमच्या मेडल्सना नवीन रिबन आणि माउंटिंग करायचं असेल तर त्याच्या बऱ्याच कमी पैशात होतं, मेडल किती त्यावर. ॲडव्हान्स अर्धा घेतात. वीरपत्नींकडून माउंटिंगची मजुरी घेत नाहीत, फक्त सामानाचे पैसे. मेजर घरी गेला, लढाईत नाही, तरी वहिनींच्या सेटची मजुरी त्यांनी लावली नाही. आम्ही आग्रह केला तर काका म्हणाले, बॅचचे पैसे फ्रेमला लावा, हे आमच्याकडून.

आता तीनच स्टार वेळेला का. दोन आठवडे सांगितलेलं काम महिन्यावर गेलं. मास्तर एकटे, हाताखाली एक पोरगा, आणि ऑगस्ट आणि जानेवारीच्या आधी म्हणजे १५ ऑगस्ट, २६ जानेवारीच्या तोंडावर कामाचा ढीग असतो. फोन उचलत नाहीत, निदान दुपारी तर नाहीच, एक ते चार दुकान बंद. मी दोनदा चिडून बोललो पण काकांनी शांतपणे सांगितलं की घाईत शिवलं तर पिन सैल राहते. २६ जुलैच्या आधी मिळालं पण शेवटच्या आठवड्यापर्यंत जीव टांगणीला होता. दुसरं, कार्ड पहिल्यांदा हिंदीतून छापून आली, आम्ही मराठी सांगितलेली. ती फुकट बदलून दिली पण त्यात अजून वेळ गेला. तिसरं, काच साधीच मिळते, चकाकी न मारणारी काच त्यांच्याकडे नाही, त्यामुळे शाळेच्या व्हरांड्यात समोरून उजेड आला की सेना मेडल नीट दिसत नाही, बाजूने उभं राहून बघावं लागतं. आम्ही शेवटी फ्रेम मुख्याध्यापकांच्या ऑफिसबाहेरच्या आतल्या भिंतीवर लावली, तिथे ऊन येत नाही, कारण रिबनचा रंग उन्हाने उडतो. पार्किंग बाजारात मिळत नाही, गाडी लांब लावून चालत या.

२६ जुलैला फ्रेम लावली तेव्हा भाषणं कमीच ठेवली. पोरगी अकरावीला आहे, तिने प्रत्येक मेडल कशाचं ते स्वतः सांगितलं, डाव्या हाताकडून सुरू करून, आणि पराक्रम पदकाजवळ आल्यावर खांद्याला हात लावून दाखवलं की इथे लागलं होतं. ज्या पोरांना मेजर पळवायचा ती सगळी युनिफॉर्ममध्ये नव्हती पण आली होती, एकजण तर सुट्टीवर आलेला, तोही आता तोपखान्यातच, त्याने फ्रेमसमोर कडक सॅल्यूट मारला. मला स्वतःला विचाराल तर त्या फ्रेमपेक्षा ती कडेवरच्या नावाची फोटो जास्त आवडतात, मी ती माझ्या फोनमध्ये ठेवलीयेत. गनर, मग नाईक, मग हवालदार. मी त्याच्या त्या सगळ्या वर्षांत एमआयडीसीत नोकरी करत होतो, सुट्टीला आला की भेटायचो, आणि दर वेळी वाटायचं ह्याच्यात काही फरक पडला नाही. फरक पडत होता, त्याची नोंद कुणीतरी धातूवर करून ठेवली होती.

जाणाऱ्यांसाठी : डिस्चार्ज बुक ओरिजिनल आणि झेरॉक्स दोन्ही न्या. शौर्य मेडल असेल तर सायटेशन किंवा गॅझेटची प्रत. मेडल हरवलेलं असेल तर ते तुम्हाला ओरिजिनल देऊ शकत नाहीत, त्यासाठी फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहावं लागतं आणि सुरुवात म्हणून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. मेडल्स घासून नेऊ नका, आहेत तशी न्या. घरी फ्रेमला चिकटवलेली असतील तर स्वतः उपटायला जाऊ नका, फ्रेमसकट घेऊन जा. सकाळी अकराच्या आत गेलात तर मास्तर निवांत भेटतात. कार्ड मराठीत पाहिजे तर कागदावर स्वतःच्या हाताने लिहून द्या, ऱ्हस्व-दीर्घ बघून. कोर्ट माउंट पाहिजे की साधं लोंबतं ते पण आधी ठरवून सांगा, ठेवायचं असेल तर कोर्टच करा. आणि रिबन बार पाहिजे असेल तर बिलावर लिहून घ्या, आमचा राहून गेला होता, मागून केला.

बॅचमधल्या एकाचे वडील १९७१ ला पूर्व आघाडीला होते. त्यांचा पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल गव्हाच्या कोठीवरच्या पत्र्याच्या पेटीत सापडलंय, रिबनचा नुसता धागा उरलाय. ते वडील आहेत अजून, पंच्याऐंशीच्या पुढचे, आणि म्हणतायत मी स्वतः येणार मास्तरांकडे, मला सांगायचंय कुठलं आधी लावायचं ते. पुढच्या आठवड्यात त्यांना घेऊन जातोय.